बऱ्या झालेल्या गाईच्या आत
(प्रस्तावना)

गाईला सणकून ताप भरतो. ती वैरणीला तोंड लावत नाही. नाकपुड्या आतून लालभडक होतात, डोळ्यांतून पाणी गळते, नाकातून आधी पातळ आणि मग घट्ट शेंबूड येऊ लागतो, दूध एकदम उतरते. आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा रवंथ करू लागते, दूध हळूहळू वर चढते आणि घरची मंडळी म्हणतात, गाय बरी झाली. ही पुस्तिका तिथून पुढे सुरू होते. तो ताप बोव्हाइन हर्पिसव्हायरस-१ या विषाणूचा असेल, तर गाय खरोखरच बरी झालेली असते, पण विषाणू तिच्या अंगातून गेलेला नसतो. ती जगेल तोवर तो तिच्यात राहणार असतो. तिथे त्याला कोण दाबून ठेवते, कसे ठेवते आणि ही पकड कधी सुटते, एवढाच या पानांचा विषय आहे.

विषाणूचे नाव परके वाटेल, त्याचे कूळ मात्र आपल्या ओळखीचे आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेलेल्या माणसाला उतारवयात नागीण उठते, हे घरोघरी ठाऊक असते. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षे पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की त्याच तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. गुरांचा हा विषाणू त्याच व्हॅरिसेलोव्हायरस प्रजातीतला आहे. त्याचा जनुकसंच दुपदरी डीएनएचा, सुमारे १ लाख ३५ हजार अक्षरांचा. त्यात सत्तरच्या आसपास जनुके. माणसाला तो होत नाही. धार काढणाऱ्याला किंवा दूध पिणाऱ्याला त्याचे भय नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेले बरे, कारण ‘हर्पिस’ हा शब्द ऐकून उगाच घाबरणारे पुष्कळ भेटतात.

गुरांत तो दोन वाटांनी शिरतो. नाकाच्या वाटेने शिरला तर वर सांगितलेला श्वसनमार्गाचा आजार होतो; गुरांचे डॉक्टर त्याला आयबीआर म्हणतात. जननमार्गाने शिरला तर गाईच्या योनीत आणि वळूच्या शिश्नावर बारीक पुवाचे फोड उठतात. आणि गाय गाभण असेल तर वार ओलांडून तो गर्भापर्यंत पोचू शकतो. गाय मग साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात गाभडते. ताप येऊन गेल्यावर कित्येक आठवड्यांनी हे घडत असल्याने त्या तापाचा आणि या गर्भपाताचा संबंध कोणी जोडत नाही. दोष चाऱ्याला दिला जातो, नाही तर उन्हाला.

युरोपात या विषाणूचा जननमार्गाचा आजार जुना. रिख्नर यांनी १८४१ साली त्याचे वर्णन करून ठेवले होते. श्वसनमार्गाचा तीव्र आजार मात्र १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या हजारो गुरे एकत्र कोंडून पोसणाऱ्या वाड्यांत आणि कॅलिफोर्नियातल्या मोठ्या दुग्धशाळांत ठळकपणे पुढे आला. १९५६ साली त्याचा विषाणू वेगळा काढण्यात आला, आणि पुढे तो व जननमार्गाच्या आजाराचा विषाणू एकच असल्याचे उमगले. मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गुरांची गर्दी. जनावरे दाटीने बांधली, लांबून आणून एकमेकांत मिसळली, की सौम्य म्हणून दुर्लक्षिलेला विषाणूही नाकातून नाकात फिरू लागतो. भारतात त्याची पहिली नोंद १९७६ सालची, उत्तर प्रदेशातल्या संकरित वासरांच्या डोळे येण्याच्या साथीतली. त्यानंतर महाराष्ट्र आणि गुजरातसह देशाच्या बहुतेक भागांत गाई-म्हशींच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे सापडली आहेत.

मग ही पुस्तिका सिल्वासाहून का निघावी? दादरा आणि नगर हवेलीचा मुलूख अवघा ४९१ चौरस किलोमीटरचा. एका अंगाला गुजरातचा वलसाड जिल्हा, दुसऱ्या अंगाला आपले पालघर आणि नाशिक. माणसांना इथे सरहद्दी पुष्कळ पाहाव्या लागल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीज अंमल, २ ऑगस्ट १९५४ ला मुक्ती, १९६१ मध्ये भारतात विलीनीकरण, २०२० मध्ये दमण-दीवशी जोडणी. गुरांनी यातली एकही सरहद्द कधी मानली नाही. खानवेल, दुधनी, मांदोनीकडची गुरे आणि तलासरी, जव्हारकडची गुरे बाजारात एकमेकांना भेटतात, पावसाळ्यात माळावर एकत्र चरतात. वारली आणि कोकणा कुटुंबांच्या दारी अजून गावठी आणि डांगी जनावरे आहेत. डांगीची कातडी तेलकट असते, त्यामुळे सह्याद्रीच्या मुसळधार पावसात ती भिजत उभी राहू शकते. पण सिल्वासा आणि वापीच्या कारखान्यांबरोबर दुधाला गिऱ्हाईक वाढले आणि होल्स्टीन, जर्सीच्या संकरित गाई ट्रकमधून येऊ लागल्या. एकाच पाड्यावर आता दोन तऱ्हेचे पशुपालन शेजारी शेजारी चालते. मोकळे चरणारे जनावर आणि दावणीला बांधलेली, लांबून विकत आणलेली गाय एकाच हौदावर पाणी पितात. या विषाणूला पसरायला याहून सोयीचे काही नाही, आणि म्हणूनच त्याच्याविषयी मराठीत सविस्तर लिहायची गरज मला इथे राहून जास्त जाणवली.

संकरीकरणाला मी दोष देत नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली, आणि गोठविलेले रेत खेडोपाडी पोचवण्याच्या त्या कामाने हजारो घरांत दुधाचे उत्पन्न आले. माझे म्हणणे इतकेच, की नव्या गाईबरोबर नवी काळजी यायला हवी होती, ती पुरेशी आली नाही.

आता पेशींकडे वळू, कारण पुस्तिकेची निम्म्याहून अधिक पाने त्यांच्यासाठी आहेत.

विषाणू नाकाच्या अस्तरातल्या पेशीत शिरला की पहिली हालचाल त्या पेशीचीच असते. परक्या डीएनएची चाहूल लागताच ती इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडते. शेजारच्या पेशी त्यामुळे सावध होतात, विषाणूला आपल्यात वाढू न देण्याची तयारी करतात. विषाणूही याला तयार असतो. बीआयसीपी-झिरो नावाचे त्याचे एक प्रथिन इंटरफेरॉनचे जनुक चालू करणाऱ्या घटकालाच मोडून टाकते. या झटापटीत जे काही तास हातचे जातात, त्यावर पुढचा आजार किती तीव्र होणार हे पुष्कळ अंशी ठरते.

मग न्यूट्रोफिल येतात. या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून थेट जखमेच्या जागी पोचतात. नाकाच्या किंवा योनीच्या अस्तरावर जो एक-दोन मिलिमीटरचा पांढुरका फोड दिसतो, तो जवळून पाहण्यासारखा आहे. विषाणूने मारलेल्या अस्तराच्या पेशी आणि त्यांच्यावर तुटून पडून स्वतःही मेलेले न्यूट्रोफिल, असा तो ढीग असतो. फोड फुटून त्याखाली लालबुंद उघडी जागा राहते, तिच्यावर करडी खपली धरते. गाईचे नाक लाल दिसते ते याच उघड्या जागांमुळे आणि फुगलेल्या रक्तवाहिन्यांमुळे. म्हणजे जो दिसतो तो नुसता विषाणूचा घाव नसतो, शरीराने दिलेल्या झुंजीची खूणही तिथे असते.

फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींचे काम जंतू गिळून संपवण्याचे. हा विषाणू त्यांची ताकद कमी करतो. एरवी निरोगी गुरांच्या घशात गुपचूप राहणारे मॅनहायमिया आणि पाश्चुरेला हे जिवाणू मग फुप्फुसात उतरतात. मॅनहायमियाचे विष गुरांच्या पांढऱ्या पेशींवरच्या एका विशिष्ट रेणूला धरून त्यांना मारते, आणि विषाणूच्या संसर्गाने त्या पेशी या विषाला अधिकच बळी पडतात. पुष्कळदा गाय दगावते ती या दुसऱ्या आजाराने, न्यूमोनियाने. प्रतिजैविक दिले जाते ते या जिवाणूंसाठी. विषाणूवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. गोठ्यात हा फरक समजावून सांगताना मला फार वेळ लागतो, म्हणून पुस्तिकेत त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

खरा निकाल टी-पेशी लावतात. संसर्ग झालेली पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूवर ठेवून पृष्ठभागावर मांडते. मारेकरी टी-पेशी तो तुकडा आणि तो रेणू दोन्ही एकत्र ओळखते, तेव्हाच वार करते. हा नियम शोधून काढला पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी, ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे, उंदरांवरच्या प्रयोगांत. त्याबद्दल १९९६ चे नोबेल त्यांना मिळाले. यातले डोहर्टी हे पशुवैद्यकाचे पदवीधर. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातला, नवसारीतला किंवा शिरवळचा विद्यार्थी हे वाचणार असेल, तर त्याने ही ओळ दोनदा वाचावी.

आमच्या विषाणूला हा नियम जणू पाठ आहे. त्याचे यूएल-४९.५ नावाचे छोटेसे प्रथिन, प्रथिनांचे तुकडे एमएचसीपर्यंत वाहून नेणाऱ्या यंत्रणेची वाट अडवते आणि पुढे ती यंत्रणाच नष्ट करवते. पृष्ठभागावर मांडायला काही उरत नाही, आणि टी-पेशी शेजारून निघून गेली तरी तिला पत्ता लागत नाही. आणखी एक प्रथिन, ग्लायकोप्रोटीन-जी, पेशींना बोलावणारे रासायनिक संदेश वाटेतच धरून ठेवते. शिवाय संसर्गाच्या तीव्र टप्प्यात हा विषाणू सीडी-४ टी-पेशींत शिरतो आणि त्यांना मरायला लावतो. या पेशी बाकीच्यांना दिशा देतात. त्याच कमी पडल्या की सगळी फळी विस्कळीत होते. तरीही बहुतेक गाई सावरतात. एमएचसी हरवलेल्या पेशींवर नॅचरल किलर पेशी संशय घेतात आणि त्यांना मारतात. आठवड्याभरात मारेकरी टी-पेशींची संख्या पुरेशी वाढते. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास रक्तात प्रतिपिंडे दिसू लागतात आणि दोन आठवड्यांत नाकातून विषाणू गळायचा थांबतो.

गुरांची प्रतिकारयंत्रणा माणसाच्या यंत्रणेची नक्कल नाही, हेही इथे नोंदवायला हवे. गॅमा-डेल्टा नावाच्या टी-पेशी माणसाच्या रक्तात थोड्या टक्क्यांनी असतात. लहान वासरात मात्र रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी ६० टक्क्यांपर्यंत त्याच असू शकतात. त्यांना एमएचसीवर मांडलेल्या तुकड्याची वाट पाहावी लागत नाही. ज्या विषाणूने तीच वाट अडवून ठेवली आहे, त्याच्याशी पहिल्या दिवसांत झुंजायला अशा पेशी वासराकडे भरपूर असणे मोलाचे आहे.

पण वासराची दुसरी अडचण मोठी आहे. गाईच्या वारेची रचना अशी, की आईची प्रतिपिंडे गर्भाला मिळत नाहीत. वासरू जन्मते ते प्रतिपिंडांविना. ती मिळतात चिकातून, आणि आतड्याची दारे जेमतेम एक दिवस उघडी असतात. पहिल्या सहा तासांत पाजलेल्या चिकाची सर नंतरच्या चिकाला येत नाही. वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पहिल्या दिवशी त्याच्या पोटात जायला हवा. चिकातून नुसती प्रतिपिंडेच नाही, तर आईच्या जिवंत पांढऱ्या पेशीही वासराला मिळतात. खरवस मलाही आवडतो. पण पहिल्या धारेचा चीक शेजारी वाटून वासराला उरलासुरला पाजणारी घरे अजून आहेत, आणि त्यांना हात जोडून सांगावेसे वाटते, की पहिला वाटा वासराचा, खरवस दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा करा.

एक गुंतागुंत इथे येते. आईची प्रतिपिंडे अंगात असताना वासराला संसर्ग झाला, तर आजार दिसत नाही, विषाणू मात्र मज्जातंतूत जाऊन बसतो. पुढे आईची प्रतिपिंडे संपतात आणि असे वासरू रक्तचाचणीत निखळ निरोगी ठरू शकते. मोठेपणी त्याची कालवड म्हणून विक्री होते, आणि ती कोणाच्याही नकळत विषाणू घेऊन नव्या गोठ्यात जाते.

नाकातून शिरलेला विषाणू कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गँग्लिऑनमध्ये, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, मुक्काम करतो. जननमार्गाने शिरलेला त्रिकास्थीजवळच्या गाठींत. टॉन्सिलमध्येही त्याचा डीएनए सापडला आहे. गाठीत पोचल्यावर तो जवळजवळ सगळी जनुके बंद करतो. चालू राहते ती मुख्यतः एकच जागा, सुप्तावस्थेशी जोडलेले एक जनुक, जे ज्या मज्जापेशीत तो बसला आहे तिला मरू देत नाही. घरधन्याला जगवण्यातच त्याचा स्वार्थ असतो. अमेरिकेत क्लिंटन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक बिघडवलेला विषाणू वासरांना दिला, तेव्हा तो पुन्हा जागा होऊ शकला नाही.

त्या गाठीत टी-पेशीही असतात. आजार ओसरल्यानंतरही त्या मज्जापेशींच्या आसपास पहारा देत राहतात. मज्जापेशी बदलून मिळत नाहीत, म्हणून शरीर त्यांना मारण्यापेक्षा विषाणूला झोपवून ठेवणे पसंत करते. ही तडजोड गाईच्या आयुष्यभर टिकू शकते, पहारा ढिला झाला नाही तर.

पहारा ढिला कशाने होतो, हे प्रयोगशाळेत फार पूर्वी कळले. संशोधकांना सुप्त विषाणू हुकमी जागा करायचा असतो तेव्हा ते वासराला काही दिवस डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात. हे स्टिरॉइड गाठीतल्या टी-पेशी मारते, त्याच वेळी मज्जापेशीत शिरून विषाणूचीच पहिली जनुके चालू करते. विषाणूच्या जनुकसंचात स्टिरॉइडच्या ग्राहकाला बसायला जागाच ठेवलेली आहे. काही तासांत मज्जापेशींत विषाणूची प्रथिने दिसू लागतात, आणि पुढच्या दिवसांत नाकातून विषाणू गळू लागतो. गाय बहुधा आजारी दिसतही नाही.

आणि हेच डेक्सामेथासोन आपल्या गावोगावी ताप, सूज, लंगडणे, दूध उतरणे अशा कशाहीवर सर्रास टोचले जाते. त्याने गाय तासाभरात तरतरीत दिसते, म्हणून मालकाला ते आवडते. काही आजारांत ते लागतेच, तिथे ते द्यावेच. पण निदान न करता, ताप उतरवायचा सोपा उपाय म्हणून दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनबद्दल मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. बऱ्या झालेल्या गाईच्या पेशींनी वर्षानुवर्षे राखलेला विषाणू आपण आपल्या हाताने शेजारच्या गाभण गाईच्या नाकात नेऊन सोडतो.

ताण पडला की गाईचे शरीर स्वतःही असेच संप्रेरक तयार करते. ट्रकमधला लांबचा प्रवास, उन्हाचा कडाका, वीत, चाऱ्यात अचानक बदल, नव्या कळपात झालेली ढुसाढुशी: यांतले काहीही पुरेसे असते. दुभती गाय विकत घेतली जाते ती बहुधा नुकतीच व्यालेली. म्हणजे व्यायल्याचा, प्रवासाचा आणि नव्या दावणीचा असे तिन्ही ताण एकाच आठवड्यात तिच्यावर येतात. नवी गाय तीन-चार आठवडे वेगळी बांधा, तिची बादली वेगळी ठेवा, आधी घरच्या गुरांचे करून मग तिच्याकडे जा, हे सांगणे म्हणूनच नुसत्या शिस्तीचे नाही. तिच्या पेशींना पुन्हा जागेवर यायला तो वेळ लागतो.

रक्तचाचणीबद्दल बरेच गैरसमज आहेत. प्रतिपिंडे सापडली याचा अर्थ ही गाय कधीतरी या विषाणूला भेटली आहे आणि बहुधा तो तिच्यात आहे. आज ती आजारी आहे किंवा आजचा गर्भपात त्यानेच झाला, असा अर्थ त्यातून निघत नाही. त्यासाठी दोन नमुने लागतात, एक आजारात आणि दुसरा तीन आठवड्यांनी. दुसऱ्यात प्रतिपिंडे चौपट किंवा अधिक वाढली असतील, तरच संसर्ग ताजा. गाय गाभडली तर ब्रुसेला या जिवाणूची तपासणी आधी व्हावी, कारण तो माणसालाही होतो. गाभडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नयेत.

डेन्मार्क, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया या देशांनी हा आजार मुळासकट घालवला; प्रतिपिंडे सापडलेली गुरे शोधून कळपातून काढणे हा त्यांच्या कामाचा कणा होता. तो मार्ग इथे लागू पडत नाही. गोवंश हत्याबंदीचे कायदे हे एक कारण, पण ते नसते तरी ज्या घरात दोनच गाई आहेत त्या घराला एक गाय काढून टाक असे कोणत्या तोंडाने सांगणार? आपल्याला विषाणूसकट जगणाऱ्या गाई सांभाळायच्या आहेत. वळूंबाबत मात्र सवलत नको. रेत उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवले तरी त्यातला विषाणू मरत नाही, रेतात घातलेली प्रतिजैविके त्याला शिवतही नाहीत. रेतन केंद्रांसाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान मानकांत वळूंच्या आयबीआर तपासणीचा समावेश आहे तो याचसाठी. गावात फिरणाऱ्या, कधीच तपासणी न झालेल्या वळूला हे मानक लागत नाही, आणि डोंगरपट्टीतल्या कित्येक गाई अजून त्याच्याकडूनच गाभण राहतात.

लस हा उपाय आहे, तिच्या मर्यादा समजून घेतल्या तर. लस आजाराची तीव्रता आणि विषाणूचे गळणे कमी करते. आधीच गाठीत बसलेल्या विषाणूला ती उठवून बाहेर काढत नाही. युरोपात ज्या लशीने काम सोपे केले, तिच्यातल्या विषाणूचे ग्लायकोप्रोटीन-ई काढून टाकलेले असते. लस टोचलेल्या गाईत त्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत, खऱ्या संसर्गात होतात. त्यामुळे लस कोणती आणि रोग कोणता, हे रक्ताच्या एका नमुन्यावर वेगळे करता येते.

पुस्तिका पशुधन पर्यवेक्षक, पशुवैद्यकाचे विद्यार्थी आणि चार-दोन गाई राखणारी माणसे अशा तिघांसाठी लिहिली आहे. विद्यार्थ्यांनी पेशींची प्रकरणे क्रमाने वाचावीत, त्यांतले रेणूंचे तपशील मुद्दाम गाळलेले नाहीत. ज्यांच्या गोठ्यात या आठवड्यात वासरू जन्मणार आहे त्यांनी चिकाचे प्रकरण आधी वाचावे. नवी गाय आणणाऱ्यांना गोठ्यात लावता येईल असे विलगीकरणाचे पान वेगळे छापले आहे. आणि ज्यांच्या पिशवीत डेक्सामेथासोनची बाटली आहे, त्यांनी पुढचे जनावर तपासायला निघण्यापूर्वी सुप्तावस्थेचे प्रकरण पुरे वाचून काढावे.